न चाखता रांधणाऱ्या आबांना

प्रिय आबा,

येत्या शनिवारी मारुतीच्या पारावर रोडग्यांची पंगत आहे, आणि गावानं यंदा रांधायचा डाव माझ्या हातात दिलाय. तुमच्या जागेवर तुमची पोरगी! पण मी हे सांगायला लिहीत नाही. काल आईनं तुमची एक गोष्ट सांगितली, तेव्हापासून माझं कशातच लक्ष नाही. दुपारभर ओट्यावर बसून आहे. समोर ऊन सांडलंय, कुणाच्या तरी गोवऱ्यांचा धूर हळूहळू तरंगत येतोय, आणि दर खेपेला वाटतं, आता या धुरातून तुम्ही डोळे चोळत बाहेर याल.

किती वर्षं पाहिलंय तुम्हाला तसं! कणकेचे गोळे निखाऱ्यात भाजायला टाकलेले, शेजारी वांग्याच्या भाजीचा मोठा गंज रटरटतोय, आणि तुम्ही त्यावर वाकून, डोळे मिटून वाफ घेताय. कुणी कानात काही सांगत असावं, असा तुमचा चेहरा व्हायचा. मग म्हणायचात, "थांबा बे, आणखी मूठभर मीठ मांगून राह्यली."

पण चाखायचं नाही! मारुतीला नैवेद्य दाखवल्याशिवाय जिभेला थेंब लावायचा नाही. गावातल्या साऱ्याच रांधणाऱ्यांचा हा नेम, पण तुमच्याइतका कडक कुणाचाच नाही. लहानपणी विचारलं, काऊन? तर म्हणालात, "देवाचं हाये." झालं, विषय संपला.

पुण्याहून स्वयंपाकाचा कोर्स करून आले, तेव्हा मात्र मी भांडलेच. आम्हाला शिकवलं होतं, दर टप्प्याला स्वच्छ चमच्यानं चाखा. तुम्ही हसलात. "चाखणारा सोताच्या जिभीसाठी रांधते, पोरी. मले गावाच्या जिभीसाठी रांधा लागते."

तेव्हा ते मला नुसतं बोलणं वाटलं. पण सकाळपासून तुम्ही पारावर उभे राहून कोण कोण येतंय ते बघत असायचात, ते कशासाठी, हे मग कळलं. कापूस वेचून उन्हातून बाया आल्या, की मीठ चढतं. म्हातारी माणसं जास्त दिसली, की तिखट उतरतं. स्वतःची जीभ बंद ठेवलीत म्हणून तुम्हाला दुसऱ्यांचे चेहरे वाचता यायला लागले. आणि आमचे सरही चुकीचे नव्हते हं, आबा. बुलढाण्यात माझ्या खानावळीत वरणाला कालचीच चव आज लागली नाही, तर पोरं ताट सरकवतात. तिथं चाखल्याशिवाय गत नाही. रांधणं तेच! तुम्हाला आलेल्या माणसाला रुचेल ते हवं होतं, मला रोज एकसारखी चव. म्हणून तुम्हाला माणसं कळली आणि मला चव.

हे सगळं तुमच्याशी बोलायचं होतं. तेवढ्यात तो ताप आला.

ताप उतरला, पण तुमचं नाक गेलं, कसलाच वास येईना. तेव्हा घरात कुणालाच सांगितलं नाहीत. आणि मग तो शनिवार. भाजी अळणी! अगदी पाण्यासारखी अळणी. आणि आपलं गाव कसं, देवाच्या प्रसादाला नाव ठेवायचं नाही. मीठ मागणं म्हणजेसुद्धा नाव ठेवणं. सगळे खाली माना घालून जेवले. तुम्ही बादली घेऊन पंगतीतून फिरत होतात, "घ्या ना, घ्या ना थोडीशी," आणि जो तो पत्रावळीवर आडवा हात धरत होता. तुमचा चेहरा मी पाहिला, आबा. अजून पाहते.

घरी आल्यावर मी केवढी ओरडले! "एक थेंब जिभेले लावला असता तं मारुती का पळून जाणार होता?" तुम्ही डाव धुतला, खुंटीला अडकवला, तो पुन्हा कधी घेतला नाहीत. पुढचा पोळा यायच्या आत तुम्हीच गेलात. खरं सांगू? तुमच्या तेरवीलाही माझा राग गेला नव्हता. मला वाटायचं, आबांना माणसांपेक्षा नेम मोठा झाला.

आणि काल आई चिंच-राखेनं तो डाव घासत बसली होती. मी मुद्दामच म्हटलं, "आई, मी तं चाखणार हाव."

आई मान वर न करता म्हणाली, "चाख. तुह्या बापानंबी चाखली होती."

"कधी?"

"त्याच शनिवारी. रातच्याले मले सांगितलं त्यानं. नाकाले काहीच कळून नाही राह्यलं म्हणून पाठ फिरवली अन् बोट लावलं जिभीले. निवदाच्या आधी! तं जिभीलेबी काही लागे नाही. मीठ टाकलं का नाही टाकलं, तेबी आठवे नाही. मंग म्हणे, दोनदा पडलं तं लोक उपाशी उठतीन. अळणी खाता येते, खारट खाता येत नाही. म्हणून राहू देली तशीच."

अय माय! म्हणजे आयुष्यभराचा नेम तुम्ही मोडलात. लोकांसाठी मोडलात, आणि मोडूनही हाती काही लागलं नाही. वर माझं बोलणं ऐकून घेतलंत. एक शब्द नाही!

आता मात्र तुमच्यावर खरा राग आलाय, आबा. मी तुमच्या शेजारीच होते ना? निखाऱ्यातले रोडगे उलटत होते, हात लांबवला असता तर तुमचं धोतर धरता आलं असतं. मले काऊन आवाज देला नाही? लेकीला नेम मोडायला लावायचा नव्हता? की गावाला ज्या नाकाचं एवढं कौतुक, ते गेलं हे सांगायची लाज वाटली? आईला विचारलं तर ती नुसती डाव घासत राहिली. मग दोघी रडलो.

आज दुपारी इथं ओट्यावरच डोळा लागला तेव्हा तुम्ही आलात. गंजावर वाकला होतात, वाफेत नीट दिसत नव्हतात. मी विचारलं, काय म्हणते भाजी? तुम्ही माझ्याकडे बघितलंत आणि सांगायला तोंड उघडलंत, तेवढ्यात मला जाग आली.

म्हणून जे बोलायचं ते मीच बोलते. शनिवारी मी सकाळपासून पारावर उभी राहीन, कोण येतंय ते बघेन. वाफही घेईन. आणि मग चाखेन, पाठ न फिरवता, मारुतीच्या आणि गावाच्या समोर. नाकं मुरडणाऱ्यांना मुरडू द्या.

आणि आबा, कधी तरी माझंही नाक जाईल, जीभ जाईल. त्या दिवशी मी हातातला डाव बाजूला ठेवीन आणि अख्ख्या पंगतीला ऐकू जाईल असं ओरडेन, "कोनी तरी या न बापा, मले काहीच कळून नाही राह्यलं!" वचन देते.

तुमची,
सुमन