बिनदुमडीचा फ्रॉक

रविवार, ४ जानेवारी

केला फोन. शेवटी केला एकदाचा!

ताईच्या नणंदेला म्हटलं, "सत्र संपलं की पोरीला तुमच्याकडे न्याल का? कायमची." 'कायमची' म्हणताना नेमका खोकला आला. त्या म्हणाल्या, "मी विचारणारच होते हो, पण तुम्हाला काय वाटेल म्हणून राहिले." आणि रडायलाच लागल्या. त्यांना मूलबाळ नाही. म्हणजे सगळं छानच जमलं की! मग मी नळ सोडून, बाथरूममध्ये उभी राहून फोन का केला?

ताईला जाऊन वर्ष झालं. तिचे यजमान तर पोर रांगत होती तेव्हाच गेले. ताई गेली त्याच आठवड्यात पोरीला इथे आणलं. ताईची नऊ वर्षांची, माझी सहा. खोल्या दोन. कुणी कारण विचारलं तर हेच सांगेन — जागा.

खरं कारण फक्त इथे. ती काही मागतच नाही. भूक लागली तरी नाही, ताप आला तरी नाही. माझी दिवसभर आदळआपट करते, ही स्वतःचं ताट धुऊन पालथं घालते. वर्षभर घरात पाहुणी असल्यासारखं वाटतंय. मला माझ्या घरात पाय पसरून बसता येत नाही. दमले मी.

लिहिल्यावर फार वाईट दिसतंय. खोडत नाही.

बुधवार, ७ जानेवारी

नवऱ्याला सांगितलं. त्याने पेपर खाली ठेवला, चष्मा काढला. "मला विचारतेयस की कळवतेयस?"

त्याने पेपर परत उचलला.

मग मी मशीनवरचं कव्हर काढलं. तिला रिकाम्या हाताने पाठवायचं नाही. एक फ्रॉक, एक स्वेटर — आत्याकडे थंडी जास्त. मन खातंय म्हणून मशीन चालवणार आहे, हे मला कळतं. मशीनला कळत नाही, तेवढंच बरं.

रविवार, ११ जानेवारी

फ्रॉकचा नमुना नेटवर मिळाला, फुकट. फुकट ते पौष्टिक! सतरा कागद छापून आणले, जमिनीवर एकाला एक चिकटवले, तोवर माझी ओल्या पायांनी त्यांच्यावरून दोनदा गेली.

अशा नमुन्यांच्या कोपऱ्यात एक चौकोन असतो. तो पट्टीने मोजून घ्यायचा, छपाई बरोबर मापात आलीय का ते बघायला. मी कधी मोजत नाही. म्हणून तर नवऱ्याचा मागचा शर्ट उशीला घालावा लागला. आज ताईची आपणहून पट्टी घेऊन आली. "मावशी, चौकोन लहान आलाय." खरंच लहान होता! परत सतरा कागद. नवरा म्हणाला, "या घरात एक तरी शिंपी आहे म्हणायचा." ती हसली. हसताना नाक थेट ताईसारखं मुरडते. मी कात्री शोधायला आत गेले. कात्री हातातच होती.

मंगळवार, १३ जानेवारी

शेजारच्या बाई डोकावल्या. "बहिणीच्या मुलीसाठी इतकं कोण करतं हो आजकाल! नशीबवान आहे पोरगी." चोराच्या मनात चांदणं — मला वाटलं यांना कळलंय, टोमणाच मारतायत. सुई बोटात गेली. त्या हळहळल्या, म्हणाल्या, "बघा, किती जीव टाकता."

शनिवार, १७ जानेवारी

एका फ्रॉकने भागणार नाही. माझीने घर डोक्यावर घेतलं — "मला पण तस्साच!" मग एकाच हिरव्या चौकडीतून दोन फ्रॉक बेतले. कापड भरपूर होतं. दोघी शेजारी बसून टाचण्या देत होत्या. माझीने चार सांडल्या, ताईचीने पाच वेचल्या. पाचवी कुठली कोण जाणे.

गुरुवार, २२ जानेवारी

सांगितलं तिला. म्हणजे अर्धंच. "सुट्टीत आत्याकडे जायचंय हं, मजा आहे बाई एका मुलीची!" गळ्यातला आवाज माझाच होता, पण असा आवाज मी दातांच्या डॉक्टरकडेच ऐकलाय.

"किती दिवस?" तिने विचारलं.

"बघू."

खोटारडी. जीभ उचलली आणि टाळ्याला लावली.

गुरुवार, २९ जानेवारी

स्वेटरची बाही तिच्या हातात जाईना. नमुन्यात दिलेले तेवढेच टाके, तीच लोकर, त्याच सुया. मीच टाके आवळून विणलेत. माझं डोकं तापलेलं असलं की लोकर आवळली जाते, हे जुनंच आहे. ती म्हणाली, "चालेल मावशी, मी हात बारीक करते." आणि खरंच मूठ मिटून, बोटं चोळामोळा करून घुसवायला लागली! माझ्या अंगाची आग झाली. ओरडले तिच्यावर — "घट्ट आहे तर घट्ट आहे म्हण ना!"

तिने हात काढून घेतला. मी बाही उसवली. ती समोर बसून लोकरीचा गुंडा करत राहिली.

शुक्रवार, ६ फेब्रुवारी

दोन्ही फ्रॉक झाले. मी इस्त्री तापवत होते, ताईची ते उलटे करून मांडत होती. माझीच्या फ्रॉकला खाली चांगली चार बोटं दुमड आहे. दरवर्षी तशीच ठेवते. पोरगी वाढली की टाके उसवायचे, फ्रॉक खाली सोडायचा. गेल्या वर्षीचा असाच सोडला, तेव्हा ताईचीच जुने धागे काढत बसली होती.

तिने स्वतःच्या फ्रॉकची कड बोटांनी चाचपली. एकदा. मग सगळीकडून. कडेला नुसती मुडप होती, बोटभरसुद्धा नाही.

"मावशी, माझा नाही का पुढच्या वर्षी खाली सोडायचा?"

मी इस्त्रीचं बटण उगाच फिरवलं.

"म्हणजे मी परत येणार नाही," ती म्हणाली. विचारलं नाही, म्हणालीच. मग फ्रॉक सुलटा केला आणि इस्त्रीसाठी माझ्याकडे सरकवला. मी इस्त्री केली! दुसरं काय करावं सुचेना म्हणून बाह्या, कॉलर, सगळी इस्त्री केली.

मी ठरवून केलं नव्हतं. शप्पथ. कापताना हात आपोआप तिथे थांबला. पण कापड होतं. उरलेली लांब पट्टी अजून टोपलीत पडली आहे. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं — ही म्हण मी सासरच्यांना लावून हसत आले. आता कुणाला लावू? ताई असती तर कानाखाली वाजवली असती, आणि मग जवळ घेतलं असतं. आता दोन्ही नाही.

मला ती इथेच हवी आहे. कधीपासून हवी आहे, कुणास ठाऊक. ती गेल्यावर कळलं असतं तर?

रविवार, ८ फेब्रुवारी

आत्यांना फोन केला. नेऊ नका, असं सांगणार होते. वाक्य पाठ करून ठेवलं होतं.

त्याच आधी बोलायला लागल्या. खोलीला रंग दिलाय, पिवळा. खिडकीपाशी टेबल आलंय. जवळच्या शाळेत जाऊन बाईंना भेटून आल्या. रोज संध्याकाळी त्या खोलीत जाऊन नुसत्या बसतात म्हणे. "तुमच्याकडे ते फुकटचे नमुने असतात ना? पडद्याचा असला तर पाठवाल? मलाच शिवायचाय, तिच्यासाठी. मला धड बटण लावता येत नाही, पण शिकेन."

मी काय केलं? पडद्याचा नमुना पाठवला! वर लिहिलं, 'तो कोपऱ्यातला चौकोन आधी मोजून घ्या.'

आधी एका पोरीला फसवलं. आता ही बाई. तिला मीच बोलावलं, मीच आशा लावली. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच.

गुरुवार, १२ फेब्रुवारी

नवऱ्यापुढे सगळं ओकले. दुमड, पिवळी खोली, सगळं. वाटलं ओरडेल. तो म्हणाला, "तू आत्यांना विचारलंस. मला कळवलंस. तिला विचारलंस का?"

नाही. कुणीच नाही विचारलं. वर्षाखालीसुद्धा नाही, तेव्हा तर आम्ही तिची बॅग भरून तिला रिक्षात बसवलं होतं.

"आणि आत्यांना खरं काय ते तू सांगायचंस," तो म्हणाला. "पोरीच्या आडून नाही."

हो म्हणाले मी.

रविवार, १५ फेब्रुवारी

विचारलं. धाकटी खाली खेळायला गेली होती. थोरली कपड्यांच्या घड्या घालत होती. तिच्यासमोर जमिनीवर बसले, आत्यांनी तिच्यासाठी केलेल्या पिवळ्या खोलीचं सांगितलं आणि म्हटलं, "तुला कुठे राहायचंय? अगदी खरं सांग."

तिने मोज्यांची जोडी लावली. मग विचारलं, "कुणाला कमी वाईट वाटेल?"

मी म्हटलं, "तू गेलीस तर मला फार वाईट वाटेल. फार." तिने माझ्याकडे नीट पाहिलं, खरं बोलतेय का ते. आत्यांना आधी फोन मीच केला होता, हे मात्र ओठांपर्यंत येऊन परत गेलं.

ती उठली. माझा फोन घेतला, लावला.

"आत्या, मावशी पाठवायला तयार आहे. मलाच यायचं नाहीये. मी सुट्टीत येईन त्या खोलीत. तू मावशीवर रागावू नकोस."

मी शेजारी उभी होते. फोन तिच्या हातातून घेतला नाही.