फोटोवरून केलेली किल्ली

चिमे,

घाबरू नकोस, दार फोडून आत आलो नाही. काल तू नव्या घराची किल्ली नाचवत फोटो टाकलास ना, तो मोठा करून मी दुकानात तशीच एक किल्ली घासली. तुझी जरा गंमत करावी म्हणून. पहिल्या झटक्यात दार उघडलं गं! तीस वर्षं कुलपं उघडतोय, पण कुलूप उघडल्याची भीती आज पहिल्यांदा वाटली.

किल्लीवाल्याची पोर तू, आणि फोटोखाली इमारतीचं नाव, मजलासुद्धा लिहिलास?

नवं कुलूप आणायला गेलोय. तोवर आतून कडी लाव आणि तो फोटो आधी काढून टाक. साडेचारशे जणांनी पाहिलाय. त्यांत किल्लीवाला मी एकटाच असेन, याची खात्री कोण देणार?

बाबा