गाडीतला आवाज तीनने उतरला

तीर्थरूप ताईस,

धाकटीचा वाकून नमस्कार. तुझे गुडघे काय म्हणतात? माझे बरे आहेत, पण घरात त्याहून मोठं दुखणं चालू आहे. तुझा भाचा गाडीतला आवाज मोजतोय.

इंजिनाचा नव्हे गं, रस्त्याचा. चाकं रस्त्यावर घासतात ती घरघर आत येते म्हणे. (चाकं रस्त्यावर नाही घासणार तर काय आभाळाला?) मोजायचं यंत्र आणलंय. ते कानाच्या उंचीवर धरायला मागच्या सीटवर मी, कारण माझी उंची बरोबर बसते. जन्मात पहिल्यांदा माझी उंची कुणाला पसंत पडली! एकच रस्ता, एकच वेग, काचा बंद, पंखा बंद, तोंड बंद. नात शेजारी वहीत लिहिते: फेरी पहिली, आजी खोकली, बाद. फेरी दुसरी, आजीला गॅसवरचं दूध आठवलं, बाद. तिसरीला हा म्हणतो, "आई, श्वास जरा हळू घे." मी म्हटलं, "थांबवतेच की, मग निवांत मोज!" तीही बाद.

मग दोन रविवार गाडी सोलली. सीटा बैठकीच्या खोलीत (शेजारीण आली ती त्यांवरच बसली, छान आहेत म्हणाली). गाडीच्या तळाला डांबरासारखी काळी चिकट चादर, ती दाबायला माझं लाटणं. वर घोंगडीसारखं जाड कापड, दारांना रबराच्या पट्ट्या. सगळं परत बसवल्यावर पाच स्क्रू उरले. ते जादाचे होते म्हणे. गाडी बनवणारे वेडेच, नाही का, जादाचे स्क्रू घालायला?

पुन्हा तोच रस्ता, तेच यंत्र, तीच मी. आधी एकाहत्तर डेसिबल की काय ते, आता अडुसष्ट. तीन! मी म्हटलं, "अरे, तीन तर मी नुसती गप्प बसले तरी उतरतात." गॅरेजवाल्याने टायरवरून हात फिरवला आणि म्हणाला, "साहेब, हे झिजलेत म्हणून घरघरतात. आधी हे बदलायचे होते." माझं लाटणं मात्र कायमचं काळं झालं. अजून हा रोज विचारतो, "आई, खरंच काही फरक वाटत नाही?" मी मान हलवते. नाही म्हणजे नाही.

गुडघ्यांना शेक घे. बाकी सगळे मजेत.

तुझी धाकटी

ता. क. खरं सांगू? फरक आहे. पूर्वी पुढच्या सीटवरचं बोलणं घरघरीत बुडून जायचं, आता शब्द न् शब्द ऐकू येतो. परवा सूनबाई हळूच म्हणाली, "आईंना दोन महिने मावशींकडे सोडलं तर?" हा म्हणाला, "ती तयार व्हायची नाही गं. विचारायचं कसं?" मी मागे तोंड उघडं टाकून घोरत होते.

आणखी एक. ताई, माझी पिशवी भरून तयार आहे! पण त्याचा फोन आला की लगेच हो म्हणू नकोस. आढेवेढे घे, दोनदा तरी विनवायला लाव. आणि गाडी शांत झाल्याचं अवाक्षर काढू नकोस, परत येतानाही मला तिच्यातच बसायचंय.