न सापडलेलं टपालाचं विमान

३ मार्च

गरुड गेला. माझ्या या मित्राने हे नाव स्वतःच स्वतःला ठेवलेलं. आम्ही घुबड म्हणायचो. उभा जन्म कड्याकपारींत कोसळलेली विमानं शोधण्यात घालवला, दोरावर लोंबकळला, दोनदा हात मोडून घेतला — आणि गेला कसा? दाढी करताना! अर्ध्या गालावर फेस तसाच. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, उरलेली दाढी मीच केली."

यावर मला काही बोचरं सुचेना. असं कधी होत नाही.

५ मार्च

लेख द्यायचाय. संपादकांना कुणाची तरी खिल्ली हवी असते. कागद कोरा.

८ मार्च

वहिनींनी गॅरेज उघडून दिलं. गाडी बिचारी कायम रस्त्यावर, आत विमानांची हाडं — पंख्याचं वाकडं पातं, सीटचा सांगाडा, फुटक्या काचांची यंत्रं. "यातलं काय ठेवू?" मी ऐटीत म्हटलं, सगळंच ठेवा. "मग तुमच्या घरी ठेवा!"

आमची पहिली मोहीम आठवली. मी चांगलं विटेएवढं लोहचुंबक घेऊन गेलो होतो. दोरी बांधून सकाळभर गवतातून फरफटवलं. डबा उघडल्यावर हा शांतपणे म्हणतो, "विमानाचं अंग ॲल्युमिनियमचं असतं रे. नाही चिकटत."

"मग आधी का नाही बोललास, गाढवा?"

"तू इतका खूश दिसत होतास!"

त्याची रीत वेगळीच. जमिनीकडे बघायचाच नाही, झाडांकडे बघायचा. जुन्या रानात एकाच वयाची कोवळी झाडं दाटीने दिसली की थांबायचा. "इथे कधीतरी आग लागली होती," म्हणायचा, आणि आवाज आपोआप खाली यायचा. कुणाच्या घरात पाऊल टाकल्यासारखा.

११ मार्च

वहिनींचा फोन. हरवलेल्या एका वैमानिकाच्या बहिणीचा आजही फोन येऊन गेला म्हणे — दर रविवारी गरुडाला करतात तसा. वहिनींनी उचललाच नाही. या मावशी म्हणजे निवृत्त नर्स. त्यांच्या लहानपणी थोरला भाऊ टपालाचं विमान घेऊन निघाला तो डोंगरात कुठे गडप झाला, पत्ता नाही. आम्हाला न सापडलेलं ते एकच.

"मला नाही जमणार, भाऊजी. हे गेले, आणि विमानही राहिलं — म्हाताऱ्या माणसाला दोन्ही एकदम कसं सांगू? तुम्ही जा."

मी! माझी जीभ कापायला बरी, जखम बांधायला नाही.

त्या विमानाची सुरुवातही आठवली. माझी ही गेल्यावर मी दार लावून घेतलं होतं. एका सकाळी हा दारात, पाठीवर पिशवी. "चल. एकट्याला दम लागतो हल्ली." गेलो. म्हटलं, मित्राचं खूळ आहे, सांभाळून घेऊ. मग दर उन्हाळ्यात जातच राहिलो. पुढेपुढे शोध कमी आणि बैठक जास्त. कड्यावर बसायचं, डबा खायचा, जगाला नावं ठेवायची. मी मनात म्हणायचो, बिचाऱ्याचं मन राखतोय.

१४ मार्च

ठरलं. मावशींना सांगायचं — विमान मी शोधीन. एकटा. गुडघे नको म्हणतायत. त्यांना विचारतंय कोण!

१५ मार्च

गरुड गेल्याचं सांगितलं. मावशींनी डोळे पुसले, माझ्यापुढे चहा ठेवला. मी पाठ केलेलं वाक्य म्हटलं — "काळजी करू नका, तुमच्या भावाचं विमान मी शोधतो."

त्या म्हणाल्या, "अहो, ते तर त्यांना केव्हाच सापडलं! फोटो घेऊन आले होते माझ्याकडे. म्हणाले, 'मावशी, माझ्या मित्राला एवढं कळू देऊ नका. विमान सापडलं तर तो पुन्हा घराबाहेर पडायचा नाही.' मी रविवारी फोन करायचे तो तुमचीच खुशाली विचारायला."

मग कप माझ्याकडे सरकवत म्हणाल्या, "आता तुम्हाला कोण नेणार हो?"