अगदी जिवावर बेतलं तरच

३ जून, मलकपेठ

आधी सगळ्यांची तब्येत. गुडघ्या, कसा आहेस? कुरकुरतोयस, म्हणजे जिवंत आहेस. नात रेणुका? डोळे तांबारलेले. कुकटपल्लीच्या ऑफिसातून येते ती निम्मी होऊन. वरच्या मजल्यावरच्या उषाताई? डोकं जड वाटतंय म्हणे, पण जीभ अजून तिखट आहे. कुंडीतला कढीपत्ता? मजेत. त्याच्याकडे फोन नाही.

रेणुकाच्या कंपनीनं म्हाताऱ्यांसाठी गळ्यात घालायचं बटण काढलंय. दाबलं की फोनमधलं अ‍ॅप माणसं बोलावतं. कसं वापरायचं ते मराठीत लिहायचंय, आणि पोरगी मराठी वाचते ती तांदळातले खडे वेचल्यासारखी. "आजी, सिंपल करून दे ना. नै तो हर्षदसर परेशान करते." हर्षदसर म्हणजे तिचे साहेब.

४ जून

वाचलं. ‘वापरकर्त्याने उपकरणाची युग्मन-प्रक्रिया पूर्ण करून प्राप्त संकेतांकाचे प्रमाणीकरण करावे.’

माझ्या लग्नाला एवढे विधी नव्हते. मी लिहिलं — बटण फोनशी जोडा. फोनवर आकडा येईल. तो खाली लिहा.

"बस, इतकंच?" — रेणुका.

"भाकरीला झालर लावतात का गं?"

६ जून

एक बटण उषाताईंच्या गळ्यात बांधलं, वापरून बघायला. एकट्याच राहतात, मुलगा कौस्तुभ बेंगळुरूला. पुण्याच्या शाळामास्तरीण! माझं लिखाण तपासायला चष्मा पुसून बसल्या. "मालनबाई, ‘जोडा’, ‘लिहा’, ‘दाबा’ — लोकांना हुकूम सोडताय का? जरा रीतभात घाला त्यात." चौथीतून उठून रद्दीच्या पेपरांवर वाचायला शिकलेली बाई मी. रीतभात मला शिकवतात! पण मनाला लागलं.

७ जून

‘आपत्कालीन परिस्थिती उद्भवल्यास’ — ही परिस्थिती फक्त कलेक्टरच्या घरी उद्भवते. आपल्याकडे नुसतं दुखतं. खोडलं. रीतभात घालून लिहिलं — ‘अगदी जिवावर बेतलं तरच दाबा. उगाच कुणाला धावायला लावू नका.’

उषाताईंनी मान डोलावली. "हे मात्र शोभलं हो." त्यांच्याकडून एवढं मिळणं म्हणजे दगडाला पाझर.

९ जून

हर्षदसर खूश. म्हणाले, आजींचा ह्यूमन टच आहे. अ‍ॅपमध्ये चढवलंसुद्धा. रेणुकानं उस्मानिया बिस्किटं आणली. मी दिवसभर मोरासारखी.

१० जून

साहेबांना कुठंतरी एक ‘तथापि’ हवाय. दिला नाही.

१३ जून

सकाळी चहा घेऊन वर गेले. दार उघडंच. उषाताई खुर्चीत, तोंड एका बाजूला ओघळलेलं, डावा हात मांडीवर मेल्यासारखा. उजव्या मुठीत बटण. पहाटेपासून तशाच बसलेल्या.

"अहो, दाबलं का नाही?"

शब्द चिखलातून काढावा तसा काढला त्यांनी — "जि-वावर... कुठं... बेतलंय? तुम्हीच... लिहिलंत."

मीच दाबलं. माणसं लगेच आली. डॉक्टर म्हणाले, पहाटेच आणायला हवं होतं.

माझं वाक्य त्यांना नीट कळलं होतं. साहेबांचं ‘आपत्कालीन’ असतं, तर घाबरून दाबलं तरी असतं.

१४ जून

रेणुकाला म्हटलं, ते वाक्य काढ. ती घाबरली — "सरांनी पास केलंय आजी, आता काय बोलू?"

"सांग, म्हातारी चुकली. पुस्तकी मराठी वाईट, आणि माझी रीतभात त्याहून वाईट."

तिनं तिथंच फोन लावला. पोरगी मागं हटली नाही. नवीन वाक्य — ‘काहीही वाटलं की दाबा. कुणाला त्रास होत नाही.’

१६ जून

हर्षदसर वैतागलेत. लोक उठसूट दाबतायत म्हणे. एका आजोबांनी तर दाबून नुसतं विचारलं, "जेवलात का?"

दाबू देत.

१७ जून

उषाताई शुद्धीत आहेत. बोलणं मात्र गेलंय. येईल, न येईल. उजवा हात चांगला आहे, म्हणून वहीतलं एक पान फाडून आज बेंगळुरूहून आलेल्या कौस्तुभच्या हाती देतेय —

उषाताई, माझ्या चुका काढायच्या राहिल्यात. लाल पेन सोबत पाठवलंय. दोन ओळी लिहा. लवकर लिहा.