विंचूरच्या रेकॉर्डिंगमधली खरखर

अहो,

मी कणीक मळत होते आणि तुम्ही कानाला हेडफोन लावून ओट्यापाशी उभे होतात. माझ्या पदराच्या घडीत कॉलर माईक, वायर पाठीमागून खाली, आवाज पाठवणारी डबी परकराच्या नाडीला. "वाक. आता वरचा डबा काढ. हं, परत वाक." दूध उतू गेलं तरी तुमचं चाललेलंच. "सुती साडीत हा माईक गप्प बसतो, सिल्कमध्ये कुरकुरतो," म्हणालात. मी म्हटलं, "माणसांसारखाच आहे की." तुम्ही हसला नाहीत. कामात असलात की तुम्हाला विनोद कुठे ऐकू यायचे?

आज लिहितेय, कारण दीड वर्षं मनात अडकलेलं परवा सुटलं. तुमच्याशिवाय कुणाला सांगू?

लोकांच्या मुलाखतींचा आवाज तुम्ही रेकॉर्ड करायचा आणि बायकांना माईक मीच लावायचा, हे आपलं ठरलेलं. मेडिकलच्या चिकटपट्टीच्या दोन त्रिकोणी घड्या, चिकट बाजू बाहेर, मध्ये माईक. दोन्हीकडचं कापड त्याला धरून राहतं. सगळं एकत्र हलतं, घासत काही नाही. वायरीला छोटा वेढा देऊन तोही चिकटवायचा, म्हणजे ओढ बसत नाही. बांगड्या उतरवायच्या, मंगळसूत्र पिनेनं बाजूला घ्यायचं. तुमच्याच हाताखाली शिकले, आणि माझा हात बसला होता.

म्हणूनच विंचूरचं मनाला लागलं. तिथल्या एका आजींच्या तोंडून घरातल्या जुन्या गोष्टी त्यांच्या नातीला रेकॉर्ड करून हव्या होत्या. आजी किती छान बोलल्या, पण सगळीकडे खरखर. तुम्ही दोनदा थांबवलंत, मी दोनदा पट्ट्या बदलल्या. मग आजीच थकल्या. परतताना गाडीत तुम्ही एवढंच म्हणालात, "नीट चिकटवला नाहीस." मी म्हटलं, "चिकटवला होता."

महिन्याभरात आजी गेल्या, आणि मागोमाग तुम्ही. तो विषय तेवढ्या दिवसांत मी का नाही काढला? तुम्ही तरी का नाही?

तुमच्या कपाटातली आवाजाची इंग्रजी पुस्तकं मी शब्दकोश शेजारी ठेवून वाचली. माझं शिक्षण नववीपर्यंतचं, एका पानाला दुपार जायची. पट्टी कशी सुटते ते शोधत होते. पण पट्टी सुटलेली मी पाहिलीच नव्हती, तर पुस्तकात काय सापडणार?

परवा शरदभाऊ आले, तुमचे कॅमेरावाले. "वहिनी, निफाडला एक म्हाताऱ्या बाई आहेत, सोनाबाई. मुलं त्यांची मुलाखत करून घेतायत. माईक लावायला येता का? मला तर त्या जवळ उभं करणार नाहीत."

मी त्यांच्यासोबत गेले. सोनाबाईंचा बंद गळ्याचा ब्लाउज, वर पदर. बांगड्या नाहीत, मंगळसूत्र नाही. पदराच्या घडीत माईक बसवला. शरदभाऊंनी हेडफोन लावले आणि मान हलवली. "वहिनी, खरखर आहे." तीच विंचूरची खरखर. पट्टी पुन्हा दाबायला गेले तर सोनाबाई ओरडल्या, "आगं हळू, माळ टोचती ना मला."

"कसली माळ, आजी?"

"तुळशीची. आत हाय. लय वर्सं झाली घालून. मला कुणी इचारलं का?" मग हात छातीवर ठेवून म्हणाल्या, "काढायची नाय हां. आधीच सांगते."

"काढत नाही. नुसती चिकटवते."

माळ ब्लाउजला आतून दोन ठिकाणी चिकटवली, माईक दुसऱ्या खांद्याकडे घेतला. शरदभाऊंनी अंगठा दाखवला. सोनाबाई तासभर बोलल्या, सुनांच्या चहाड्यांसकट, आणि मागे कसलाही आवाज नाही.

घरी येऊन विंचूरचं रेकॉर्डिंग लावलं. आजी श्वास घेतात, पुढे वाकतात, की लाकडी मणी एकमेकांवर आणि कापडावर घासतात. त्यांच्याही गळ्यात आत माळ होती, इतकं स्पष्ट आहे ते. आजी विधवा, मंगळसूत्र नाही, म्हणून गळा रिकामा असं मी धरून चालले. तुम्हीही. आता माझाही गळा वरून तसाच दिसतो, म्हणून कदाचित सोनाबाईंचं बोलणं लगेच उमगलं.

चूक झाली, पण ती दोघांची. पट्ट्या नीट होत्या. माझा हात नीट होता. तुम्ही असतात तर चहा करायला लावून कबूल करून घेतलं असतं. किती हलकं वाटतंय म्हणून सांगू?

तुम्हाला शब्द देते. शरदभाऊंसोबत यापुढे जाईन, आणि माईक हातात घेण्याआधी समोरच्या बाईला विचारीन की गळ्यात काय आहे.

नातीनं ते रेकॉर्डिंग खराब झालं म्हणून कधी पूर्ण ऐकलंच नव्हतं. काल सकाळी मी तिला विंचूरला फोन केला, आणि ती खरखर तिच्या आजीच्या माळेची आहे, आता पूर्ण ऐक, असं सांगितलं.

तुमची,
सुमन