विलायती झग्यातली ओतामी

२ फेब्रुवारी, मेइजी २०, म्हणजे विलायती १८८७. टोकियो.
ठरलं. आजपासून किमोनो बंद. अंगावरचाही आणि चित्रातलाही. चित्रं छापणारा काशिवाया म्हणाला, "इवाकिचीसान, गिऱ्हाइकाला आता नाचणाऱ्या मडमा हव्यात. पण आपल्या जपानी." म्हटलं, सुधारणा तर माझ्या बोटांतच आहे. झग्यातली बाई जवळून कधी पाहिलेली नाही. अडचण किरकोळ.

५ फेब्रुवारी
झगा भाड्यानं आणला. जांभळा. बायकोला, ओतामीला, घातला. मागचा फुगवटा पुढे आला, हे दोघांच्याही उशिरा लक्षात आलं. ती हसली, मग खोकत राहिली. "अहो, पट्टा सैल करा, श्वास घेता येईना." मॉडर्न बायकांना येतो म्हणालो. प्रॅक्टिस हवी.

११ फेब्रुवारी
घरातही बूट घालायचा निश्चय केला. चटईला भोक. निश्चय तूर्त स्थगित.
ओतामी दुपारभर झग्यात उभी होती. थंडी वाजते म्हणते. गळा उघडा ही फॅशनच आहे, मी काय करणार?

२० फेब्रुवारी
वैद्य म्हणाले, छाती बिघडलीय. वैद्यांना हल्ली कुठेही बिघाड दिसतो. तिचा धाकटा भाऊ न्यायला आला. चोशीला, माहेरी. समुद्राची हवा, ताजे मासे. बरंच झालं. निघताना म्हणाली, "वेळेवर जेवत जा." ती वळणावर पोचायच्या आधीच मी आत आलो. रंग वाळत होता, म्हणून.

१५ मार्च
छपाईचे लाकडी ठसे कोरून झाले, चित्र बाजारात आलं. खपतंय! काशिवाया आणखी झगे मागतोय. ओतामीला सांगायला उद्याच जातो. उद्या नको, पुढचं चित्र संपलं की. तिचा काही निरोप नाही, म्हणजे ठणठणीत असणार.

२९ मार्च
ओतामीचा भाऊ दारात आला. आत या म्हटलं, आला नाही. मी नव्या चित्रांबद्दल सांगत सुटलो. "भाऊजी, पुरे," तो म्हणाला. "ताई गेली."
मी विचारलं, कुठे?

३१ मार्च, चोशी
सासूबाईंनी कागद आणि कुंचला पुढ्यात ठेवला. लेकीचा फोटो कधी काढलाच नाही, देव्हाऱ्यात ठेवायला चित्र द्या म्हणाल्या. "जावईबापू, इतकी वर्षं तिला समोर उभी करून चित्रं काढलीत. डोळे मिटूनसुद्धा काढाल."
बसलो. झालर आली. कमर आली. चेहरा मात्र दुकानात टांगलेल्या चित्रांमधला, कुठल्याही बाईचा. फाडला. पुन्हा काढला. पुन्हा तोच.
सासूबाईंनी कागद उचलून उजेडाकडे धरला. मग हळूच म्हणाल्या, "ही कोण हो?"